पंचवीसबाईंची नऊ मिनिटं

थोरले साहेब विमानात सगळ्यांत शेवटी चढले, आणि चूक पूर्णपणे माझी होती.

सव्वीस वर्षं मी मोठ्या कंपनीच्या विमानांत केबिन सांभाळली. तिथली रीत अशी, की मानाचा माणूस रांगेत उभा राहत नाही. बाकीचे बसले, बॅगा वरच्या कप्प्यांत गेल्या, पोरं रडायची थांबली, की मग त्याला आणायचं. तोवर त्याला विमानतळाच्या आतल्या खोलीत चहा. किती पोरींना मी ही रीत घोटून घोटून शिकवली, त्याची मोजदाद नाही.

मोठ्या कंपनीनं स्वस्त तिकिटांची एक धाकटी कंपनी काढली आणि मला तिकडे धाडलं, तेव्हा आठवडाभर मी घरात कुणाशी धड बोलले नाही. नाकानं कांदे सोलणं म्हणजे काय, ते माझ्या नवऱ्याला त्या आठवड्यात सविस्तर कळलं.

धाकट्या कंपनीच्या प्रमुख एकेकाळी सामान चढवणाऱ्यांच्या मुकादम होत्या. विमान येऊन थांबल्यापासून पुन्हा हलेपर्यंत पंचवीस मिनिटं, त्यावर एक नाही, हा त्यांचा धर्म. म्हणून सगळे त्यांना पंचवीसबाई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. सासरी गेलेल्या लेकीला पाठवावं तसं मोठी कंपनी रोज काहीतरी पाठवायची. जेवण गरम करायच्या भट्ट्या, रुंद खुर्च्या, पडदेसुद्धा. बाई सगळं परत करायच्या.

"ताई, माया कळते हो मला," त्या मला म्हणायच्या, "पण एवढं ओझं घेऊन उडायचं कसं?"

पहिला महिनाभर मला त्यांचा राग यायचा. दुसऱ्या महिन्यात मी त्यांना उन्हात विमानाच्या पोटात वाकून बॅगा लावताना पाहिलं, प्रमुख असून, आणि माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही.

अशी धाकटी कंपनी आधी दोनदा काढून दोनदा बुडाली होती. त्यामुळे या खेपेला मोठ्या कंपनीच्या थोरल्या साहेबांनी अटच घातली होती. तीन महिन्यांत एकही फेरी रद्द व्हायची नाही. झाली, तर कंपनी बंद, आणि तिची सहाही विमानं मोठीकडे परत. आज शेवटचा दिवस होता, आणि दिवसभर आमच्या एका विमानात बसून साहेब स्वतः सगळं बघणार होते. बाईही बरोबर. त्या विमानाच्या सहा फेऱ्या. सहावी एका लहान विमानतळावर, जिथे धावपट्टीला दिवे नाहीत. सूर्य मावळला की बंद, म्हणजे फेरी रद्द. वेळापत्रकाप्रमाणे आम्ही मावळतीच्या फक्त सहा मिनिटं आधी उतरायचो.

हे सगळं मला पाठ होतं. तरी सकाळी साहेब दिसले, आणि सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात तसं झालं. ते बिचारे हातात स्वतःची बॅग घेऊन रांगेत तिसरे उभे होते. मी त्यांना रांगेतून बाहेर काढलं, आत नेऊन बसवलं, चहा मागवला. सगळे चढल्यावर त्यांना घेऊन आले, तर त्यांची जागा सतराव्या रांगेत. मग पहिल्या रांगेतल्या आजोबांना मी मागे जायची विनंती केली. आजोबा म्हणाले, "मी पैसे दिलेत, उठणार नाही." त्यांना पटवण्यात, मग त्यांची बॅग शोधण्यात, विमान नऊ मिनिटं उशिरा निघालं.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"रडायला वेळ नाही, ताई," त्या हळूच म्हणाल्या. "नऊ गेली. हाताशी सहा होती. आता भरून काढायची."

आणि त्यांनी भरून काढायला घेतली. आम्ही उतरायच्या आधीच कचरा गोळा करू लागलो, हसून, लोकांच्या हातातले कागदी पेले मागून घेत. पुढचं आणि मागचं, दोन्ही दारं एकदम उघडायची. माणसं उतरत असतानाच रिकाम्या रांगांतले पट्टे आवरायचे. मुख्य वैमानिक खुर्च्यांच्या खिशांतली वर्तमानपत्रं काढत होते. बाई प्रत्येक थांब्यावर धावत खाली जायच्या आणि हमालांच्या बरोबरीनं बॅगा उचलायच्या. ओरडणं नाही, चिडणं नाही. पहिल्या थांब्यावर दोन मिनिटं परत आली, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर एक, चौथ्यावर दोन. साहेब पहिल्या रांगेत बसून वहीत लिहीत होते आणि एवढी वर्षं मी ज्याला काम म्हणत होते ते काय होतं, असा प्रश्न मला पडला होता.

पाचव्या थांब्यावर आम्ही फक्त दोन मिनिटं मागे होतो. सगळे बसले. बाई अजून खाली, सामानापाशी. तेवढ्यात विमानतळावरच्या माणसानं दारात माझ्या हाती फोन दिला. पलीकडे मोठ्या कंपनीच्या नियंत्रण कक्षातले मास्तर होते. मला या नोकरीतलं अ आ इ शिकवलं ते त्यांनीच.

"पोरी, आपलं मोठं विमान आत्ता उतरलंय. चौदा माणसं तुझ्या विमानात यायचीत. दहा मिनिटं थांब."

"मास्तर, सूर्य थांबणार नाही."

"अगं, आपलीच माणसं आहेत!"

आपलीच. साहेब दोन पावलांवर होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली असती तर मी थांबले असते, खोटं कशाला बोलू? त्यांनी वही मिटली आणि खिडकीबाहेर पाहिलं. तेवढ्यात बाई जिना चढून आल्या, घामानं थबथबलेल्या. मी फोनबद्दल त्यांना विचारलं नाही.

"मास्तर, त्यांना उद्या सकाळच्या पहिल्या फेरीत जागा देते. मला माफ करा."

फोन परत दिला आणि माझ्या हातानं दार लावलं. मास्तरांशी असं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

आम्ही सहाव्या ठिकाणी उतरलो तेव्हा सूर्याची कड अजून दिसत होती. माणसं उतरून गेली. साहेब मात्र पहिल्या रांगेतच बसून होते.

"कंपनी राहील," ते बाईंना म्हणाले. "आणि आमच्याकडून तुम्हाला पुन्हा थांबा म्हणून फोन येणार नाही, ते मी बघतो. फक्त एक सांगा. सकाळचा उशीर कुणामुळे?"

"विमान माझं, म्हणजे उशीर माझा," बाई म्हणाल्या.

"नाही, साहेब," मी म्हणाले. "तो मी केला. तुमच्यासाठी."

"पण मी तर रांगेत उभा होतो."

"हो. मीच तुम्हाला बाहेर काढलं."

साहेबांनी वही बॅगेत ठेवली. मग बॅग उचलून उभे राहिले.

"म्हणजे तुम्ही सगळे दिवसभर धावलात, ते मला बसवण्यात गेलेली नऊ मिनिटं भरून काढायला?"

"सात," पंचवीसबाई म्हणाल्या. "दोन राहिलीत अजून."