बत्तिसावा खण

ऑफिसात सगळे त्यांना काकू म्हणत. बावन्नाव्या वर्षी प्रोग्रॅम लिहिणारी बाई एकच, म्हणून काकू. कंपनी नवजात बाळांचा श्वास मोजणारं यंत्र बनवायची आणि त्याच्या आतला प्रोग्रॅम नऊ वर्षांपूर्वी काकूंनीच लिहिलेला. त्यात आजवर कुणाला चूक सापडली नव्हती, आणि हे ऐकवायची एकही संधी काकू सोडत नसत.

त्या सकाळी साहेब कागद घेऊन आले. काकूंच्याच हाताखाली शिकून वर चढलेले गृहस्थ, तेव्हा आवाजात अजून थोडी भीती असायची.

"काकू, एवढी सही करा. यंत्र निर्दोष आहे म्हणून. चार वाजता हॉस्पिटलात चौकशी आहे."

प्रकरण असं होतं. एका सिस्टरनं कागदोपत्री लिहिलं होतं की बाळाचा श्वास थांबला, तिनं तळपाय चोळून तो परत आणला, पण यंत्राचा भोंगा वाजला नाही. बाळ सुखरूप होतं. यंत्राच्या नोंदीत मात्र ती वेळ कोरी. हॉस्पिटलचं म्हणणं, बाईंनी यंत्र बंद करून ठेवलं आणि वर गोष्ट रचली. चौकशीत तसं ठरलं की तिची नोकरी गेलीच.

"कोरी कशी?" काकू म्हणाल्या. "यंत्र बंद केलं तर 'बंद केलं' अशी नोंद पडते. वायर निघाली तरी पडते. मीच लिहिलंय ते!"

"आता तुम्ही कशाला खोलात शिरताय?"

"कारण सही माझी मागताय."

त्यांनी सरळ सिस्टरला फोन लावला. ती वैतागलेली होती, सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं.

"त्याच्या आधी काय करत होता?" काकूंनी विचारलं.

"कागदाचा रोल संपला होता, तो बदलत होते. मला वेळ लागतो मॅडम, मी एकाच हातानं बदलते. दुसरा बाळाच्या छातीवर असतो. म्हणून तर कळलं, छाती हलायची थांबली ते."

काकूंनी नऊ वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम उघडला.

यंत्रात दर सेकंदाची नोंद एका रिंग बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जायची. बत्तीस खण, गोलाकार मांडलेले. पुढची नोंद कुठे लिहायची तो खण म्हणजे हेड, पुढची कुठून वाचायची तो टेल. वाचलेली नोंद कागदावर छापली जायची आणि भोंगाही तिच्यावरूनच वाजायचा. लिहिलं की हेड एक घर पुढे, वाचलं की टेल एक घर पुढे. दोघं एकाच खणावर आले, तर वाचायला काही उरलं नाही, बफर रिकामा. इथवर ठीक. पण रोल काढला की वाचणं थांबायचं आणि लिहिणं चालूच राहायचं. बत्तीस सेकंद वाचलं नाही, तर हेड अख्खी फेरी मारून पुन्हा टेलवर येऊन बसणार. तुडुंब भरलेला बफर, आणि यंत्राला वाटणार रिकामा! त्यापुढचं सेकंद आलं की पहिली बत्तीसच्या बत्तीस गेली समजा.

कंपनीची माणसं दोन्ही हातांनी वीस सेकंदांत रोल बदलत. त्यांना हे दिसणार कसं? बाळावर हात ठेवून रोल बदलणारी बाईच त्यात सापडणार होती.

आणि उपाय काकूंना ठाऊक नव्हता असं मुळीच नाही. एक खण कायम मोकळा ठेवायचा, म्हणजे हेड टेलच्या एक घर मागे आलं की भरलं असं कळतं. पण नऊ वर्षांपूर्वी काकूंच्या डोक्यात हवा गेली होती. जागा कमी होती, एक खण वाया घालवणं त्यांना कमीपणाचं वाटलं, आणि इतका वेळ कोण वाचायचं थांबणार आहे, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दुपारपर्यंत त्यांनी दुरुस्ती केली. एकतीस नोंदी, एक खण मोकळा, आणि भरलं की लगेच भोंगा.

"झकास," साहेब म्हणाले. "पुढच्या व्हर्जनमध्ये गुपचूप घालू. आता सही करा."

"आणि ती सिस्टर?"

साहेबांनी पेन पुढे केलं. काकूंनी जुनंच यंत्र उचललं, श्वासाची नक्कल करणारी पेटी पिशवीत टाकली आणि निघाल्या. साहेबांना मागोमाग यावंच लागलं.

चौकशीच्या खोलीत तीन डॉक्टर बसले होते आणि सिस्टर कोपऱ्यात उभी होती. काकूंनी यंत्र टेबलावर ठेवलं, पेटी जोडली.

"सिस्टर, नेहमीसारखा रोल बदला."

तिनं डावा हात पेटीवर ठेवला आणि उजव्यानं रोल काढला. त्याच क्षणी काकूंनी पेटीतला श्वास थांबवला. पंचवीस मोजून पुन्हा सुरू केला. रोल बसायला चाळीस सेकंद लागली. खरं तर आता, उशिरा का होईना, भोंगा वाजायला हवा होता. यंत्र गप्प. नोंद कोरी.

"ह्या खोटं बोलल्या नाहीत," काकू म्हणाल्या. "यंत्र खोटं बोललं, आणि तसं बोलायला ते माझ्याकडून शिकलं. चूक माझी आहे."

मग मोठ्या डॉक्टरांनी फाईल मिटली. "सिस्टर, उद्यापासून कामावर या."

काकू तिच्याजवळ गेल्या. "मला माफ—"

"अशी यंत्रं किती आहेत?" सिस्टरनं मध्येच विचारलं.

"दोनशे बारा."

"सगळी बाळांना लावलेली?"

"हो."

साहेब खाकरले. "त्यावर आपण सोमवारी मीटिंग घेऊ..."

सिस्टरनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं टेबलावरचा फोन उचलून काकूंच्या हातात दिला.

"माफी नंतर मागा," ती म्हणाली. "आधी वॉर्डांना कळवा."

काकूंनी पहिला नंबर लावला.