वीस मिनिटांची तफावत

सकाळी मावशींनी कॉम्प्युटर चालू केला आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरने तोंड वाकडं केलं. पडद्यावर लाल चौकट आली. 'डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही. कृपया आपल्या व्यवस्थापकाशी बोला.' आता या दुकानात व्यवस्थापक म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे स्वतः मावशी. त्यांनी चौकट बंद केली, सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं. पुन्हा तीच चौकट. स्वतःशी बोलून काही निघेना.

दुकान पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांचं. पुढे काउंटर, मागे छतापर्यंत रॅक, आणि रॅकमध्ये वॉशर, व्हॉल्व्ह आणि कुठल्या जमान्यातल्या पंपाला लागत असतील देव जाणे असे पितळी नग. काउंटरच्या डाव्या हाताला मावशींचं टेबल, त्याच्या पाठीमागे काचेची केबिन. केबिनमध्ये धाकटे मालक बसायचे आणि त्यांच्या पायाशी दुकानाचा मोठा कॉम्प्युटर. सगळा हिशेब, सगळा माल, सगळी गिऱ्हाइकं त्या मोठ्याच्या पोटात. मावशींचा कॉम्प्युटर आपला नुसता मागणारा. मोठ्याने दिलं तर ह्याला काही दिसायचं, आणि आज मोठा द्यायला तयार नव्हता.

मावशी दुकानात कोणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. सव्वीस वर्षांपूर्वी थोरल्या मालकांनी त्यांना हिशेबाला ठेवलं तेव्हा धाकटे मालक दुसरीत होते आणि शाळा सुटली की ह्याच टेबलाच्या कोपऱ्यावर पाढे घोकत बसायचे. ते मावशी म्हणाले म्हणून माल बांधणारे म्हणायला लागले, मग गावभरचे प्लंबर म्हणायला लागले. थोरले मालक गेले त्याला चार वर्षं झाली. पाढे संपले, मिश्या आल्या, केबिन आली.

दिवसाची सुरुवातच वाईट होती म्हणा. दारातल्या हजेरीच्या यंत्रावर मावशींनी अंगठा ठेवला तर हिरवा दिवा लागायच्या जागी लाल लागला. लाल म्हणजे साडेदहा उलटून गेले, अर्धा दिवस कापला. मावशी तर रोजच्यासारख्या दहा वाजून बारा मिनिटांनी आल्या होत्या. नवऱ्याच्या गुडघ्याच्या व्यायामाची दवाखान्यातली वेळ नऊची, त्याला तिथून घरी सोडून यायला तेवढं व्हायचंच, आणि हे त्यांनी धाकट्या मालकांना आधीच विचारून ठेवलं होतं. तेव्हा मालकांनी मान हलवली होती. यंत्राला वेड लागलं असेल म्हणून मावशी पुढे गेल्या, तर इथे ही लाल चौकट.

"मालक, सॉफ्टवेअर जोडलं जात नाहीये."

धाकटे मालक बाहेर आले. त्यांनी मावशींकडे सोडून सगळीकडे बघितलं. ह्या माणसाचा एक मोठा गुण होता: कोणाला तोंडावर वाईट म्हणून काही सांगायचं नाही. मागे गोदामवाल्याला 'या वर्षी पगारवाढ नाही' एवढं सांगायचं होतं, तर हा आठवडाभर आजारी पडून राहिला. टेम्पोवाल्याला नाही म्हणायचं तर फोन बंद. आत्ताही ते पडद्याशीच बोलले.

"बारा वाजता तो टायवाला येतोय, मावशी. तोवर चालू झालं तर प्रश्नच नाही. नाही झालं तर मला सही करावी लागेल. माझा पण नाइलाज आहे."

आणि 'बँकेत जाऊन येतो' म्हणून ते सटकले. नाइलाज झालेला माणूस इतक्या हलक्या पावलांनी दुकानाच्या पायऱ्या उतरत नाही, पण ते मावशींच्या नंतर लक्षात आलं.

टायवाला म्हणजे नवीन सॉफ्टवेअर विकणारा. गेल्या आठवड्यात येऊन गेला होता. मावशींच्याच टेबलाला टेकून, मावशींच्याच स्टेपलरशी चाळा करत त्याने मालकांना सांगितलं होतं, "आमच्या सॉफ्टवेअरला हिशेबाचं वेगळं माणूस लागत नाही, सर." बसलेली बाई त्याला फर्निचर वाटली असावी.

मावशींना भीती वाटली. उगाच शूरपणा कशाला सांगा. वय छप्पन्न. नवऱ्याची पेन्शन त्याच्या गुडघ्यातच जिरत होती. ह्या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? आणि घरी बसायचं म्हणजे टीव्हीसमोर बसून देश कसा चालवावा हे सांगणाऱ्या माणसाचं दिवसभर ऐकायचं. त्यापेक्षा वॉशर मोजलेले परवडले.

त्यांनी सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पंधरा मिनिटं 'कृपया थांबा'ची धून वाजली, मग एक मुलगी आली.

"मॅडम, कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू केलात का?"

"दोनदा."

"मॅडम, अजून एकदा करता का?"

मावशींनी केला. मग वायर काढून लावली. मग काळ्या खिडकीत मुलीने सांगितलेली अक्षरं टाइप करून मोठ्याला हाक मारली, तर मोठ्याने लगेच ओ दिली. म्हणजे वायर धडधाकट होती. मग केबिनमध्ये जाऊन डेटाबेस चालू आहे का ते पाहिलं. चालू होता. दोन कॉम्प्युटरांच्या मधला पहारेकरी प्रोग्राम पाच मिनिटं बंद करून पाहिला. लाल चौकट हलली नाही. पासवर्ड तपासला, बरोबर होता. म्हणजे मोठा जागा होता, हाक ऐकत होता, ओ देत होता, फक्त आत घेत नव्हता. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळेना.

"हवा धरली असेल," काउंटरवरून आवाज आला. हा एक प्लंबर. आयुष्यभर अर्ध्या इंचाच्या जोडण्याच विकत घेत आला, म्हणून दुकानात त्याचं नाव अर्धा इंची. तो दहापासून बिलासाठी ताटकळत होता. "पंपात हवा धरली की असंच होतं. चालतो, पण पाणी चढत नाही. वरचा स्क्रू ढिला करून बघा."

"तुझ्या डोक्याचा करू का ढिला?" मावशी म्हणाल्या. "गप बस जरा."

फोनवरच्या मुलीकडचे प्रश्न संपत आले होते, ते तिच्या आवाजावरून कळत होतं. "मॅडम, तक्रार वरच्या लोकांकडे पाठवते. अठ्ठेचाळीस तासांत ते तुम्हाला फोन करतील."

"अठ्ठेचाळीस तासांत मी घरी बसून बातम्या ऐकत असेन, बाळा. फोन ठेवू नकोस."

आणि मग मावशींनी ते केलं जे त्या सव्वीस वर्षं करत आल्या होत्या. बँकेचा हिशेब आणि दुकानाचा हिशेब जुळत नसला की त्या डोकं चालवत बसत नसत. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचे, पेन्सिल घ्यायची आणि वरपासून एकेका ओळीला टिक करत खाली यायचं. जिथे टिक होत नाही तिथे चोर. त्यांनी एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, मध्ये रेघ मारली. डावीकडे आपला, उजवीकडे मोठा. टेबल ते केबिन अशा फेऱ्या मारत दोन्हीकडे जे जे दिसेल ते उतरवलं. सॉफ्टवेअरचा नंबर: टिक. मोठ्याचा पत्ता: टिक. वापरणाऱ्याचं नाव: टिक. तारीख: टिक. वेळ: इकडे अकरा वाजून सोळा, तिकडे अकरा सदतीस. केबिनपर्यंत जायला एक मिनिट लागतं असं धरलं तरी वीस उरत होती.

"अगं मुली, मोठ्याचं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे. त्याने काही होतं का?"

पलीकडे खटखट झाली. "होतं, मॅडम. पाचपेक्षा जास्त मिनिटांचा फरक असला तर मोठा कॉम्प्युटर समोरच्याची ओळखच मानत नाही. त्याला वाटतं कोणीतरी जुनीच चिठ्ठी घेऊन फसवायला आलंय."

मावशींनी मोठ्याचं घड्याळ मागे घेतलं, आपल्या टेबलावर आल्या, सॉफ्टवेअर उघडलं. गिऱ्हाइकांची यादी मुकाट्याने समोर आली. अर्धा इंची तिसऱ्या पानावर होता.

"जमलं," मावशी म्हणाल्या. "आता हे सांग, घड्याळ आपोआप पुढे जातं का?"

"नाही, मॅडम. कोणीतरी बदललेलं असतं. मोठ्यावर नोंद असते त्याची, बघायची का?"

मावशी फोन घेऊन पुन्हा केबिनमध्ये गेल्या आणि मुलीने कुठे कुठे दाबायचं ते सांगितलं. नोंद सापडली. काल संध्याकाळी सहा चाळीस, मालकांच्या खात्यातून.

मावशींनी मान वर करून केबिनच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. ते वीस मिनिटं पुढे होतं. ते कायमच असायचं. लोकांनी वेळेवर यावं म्हणून थोरल्या मालकांनी ते तसं लावून ठेवलं होतं, आणि सगळ्या दुकानाला ठाऊक असल्यामुळे सगळे त्यातून वीस वजा करून आरामात यायचे. धाकट्याने काल मोठा कॉम्प्युटर ह्या घड्याळाशी जुळवला होता. हजेरीचं यंत्र वेळ घ्यायचं ते मोठ्याकडून.

मावशी मालकांच्या खुर्चीत बसून राहिल्या. बाकीचे सगळे दहाला येतात. वीस मिळवले तरी दहा वीस, साडेदहाच्या आत. सुटले. दहा-बाराला येणारी दुकानात एकच. आता त्यांना राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

धाकटे मालक पावणेबाराला परतले आणि आपल्या खुर्चीत मावशींना पाहून दारातच थबकले.

"झालं का?"

"झालं."

"अरे वा," ते म्हणाले. चेहरा मात्र वा म्हणत नव्हता. "काय होतं?"

"दार लाव आधी." लोकांसमोर मावशी त्यांना अहो-जाहो करायच्या. आता समोर लोक नव्हते. "मोठ्याचं घड्याळ कोणी हलवलं?"

"मीच. शिस्त म्हणून. सगळ्यांसाठी."

"दहा-बारात वीस मिळव."

धाकटे मालक खाली बघायला लागले. "दहा बत्तीस."

"असे किती अर्धे दिवस साठवणार होतास माझे?"

मालक मिशी चावत होते. "तीन झाले की नोटीस देता येते," ते शेवटी पुटपुटले. "टायवाला म्हणाला की नियमात बसवून केलं की..."

"टायवाल्याकडे तुझा पासवर्ड आहे?"

"नाही."

"मग त्याच्या नावाने पावती फाडू नकोस. अरे, मला काढायचं होतं तर तोंडाने सांगायचंस. मी रडले असते, तुला दोन शिव्या घातल्या असत्या, तुझ्या बापाला वर ऐकू जाईल असा गोंधळ घातला असता. आणि गेले असते. पण ही चोरी कसली? मालक तूच आहेस ना ह्या दुकानाचा?"

"सांगता येत नाही मला," धाकटे मालक म्हणाले. "तुमच्यासमोर उभा राहिलो की अजून पाढा अडल्यासारखं होतं. खरंच सांगतो, मावशी. भीती वाटते तुमची."

तेवढ्यात काचेतून टाय दिसला. बरोबर बारा. हातात कागदांची पिशवी, चेहऱ्यावर सही मिळाल्याचं हसू.

"तुम्ही सांगता का त्याला, आत्ता नको म्हणून?" धाकटे मालक हळूच म्हणाले.

"मी? मी तर फर्निचर. तूच जा."

मालक बाहेर गेले. मावशी काचेतून बघत राहिल्या. आधी मालकांचं काहीच ऐकू आलं नाही, नुसता टायवाल्याच्या तोंडाचा पट्टा चालू. मग मालक काहीतरी म्हणाले. टायवाला म्हणाला, "काय, सर?" मालक जरा मोठ्याने म्हणाले, "नको." टायवाल्याने किंमत उतरवली. "नको." पहिले दोन महिने फुकट देऊ केले. "नको म्हणतोय ना." मग टायवाला केबिनकडे बघून म्हणाला, "मॅडमनी काही सांगितलंय का, सर?" "मॅडमनी नाही. मी सांगतोय. आत्ता आम्हाला नकोय. तुम्ही या आता." अर्धा इंची काउंटरवर कोपर टेकून हा तमाशा फुकटात बघत होता.

टायवाला गेला. मालक घामेजून आत आले आणि पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. मग, पहिल्यांदाच, मावशींच्या डोळ्यांत बघून बोलले.

"अजून एक सांगायचंय."

"बोल."

"हे जुनं सॉफ्टवेअर वर्षअखेरपर्यंतच. त्यानंतर बदलणार. टायवाल्याचं नाही, पण दुसरं घेणार. ते तुम्हाला शिकावं लागेल. नाही जमलं तर मी हिशेबाला दुसरं माणूस बघेन. आणि दहा-बारा चालायचं नाही. दहाला दारात गिऱ्हाईक उभं असतं आणि बिल करायला कोणी नसतं. मी तेव्हा हो म्हणालो, ते चुकलं माझं. काकांची वेळ बदलून घ्या."

मावशींना प्रत्येक वाक्य टोचलं. पण खोटं त्यातलं एकही नव्हतं. छप्पन्नाव्या वर्षी नवीन सॉफ्टवेअर शिकायचं म्हणजे नाकी नऊ येणार होते, नवऱ्याशी वेळेवरून वाजणार होतं ते वेगळंच, आणि जमेलच ह्याची खात्री त्यांना स्वतःलाही देता येत नव्हती. त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. त्याने नजर हलवली नाही.

"बोलता येतं की तुला," मावशी म्हणाल्या. "मग घड्याळं कशाला फिरवत बसला होतास?"

उत्तराची वाट मावशींनी पाहिली नाही. त्या उठल्या, त्याची खुर्ची त्याला मोकळी करून दिली आणि अर्धा इंचीचं बिल करायला बाहेर गेल्या.