बाईसाहेबांच्या पाठीवरचा नमदा

मित्रांनो, जगातली यच्चयावत साम्राज्यं माझ्या जिवावर उभी राहिली. राजे आले, सेनापती आले, मोठमोठे दिग्विजय झाले, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी कोण होतं? मी. म्हणजे माझी जात. मी स्वतः घोडेस्वारीच्या एका लहानशा शाळेत होतो आणि आमची सर्वांत लांबची मोहीम मैदानापलीकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जात असे.

मी एक जुना नमदा आहे. घोड्याची पाठ आणि वरचं खोगीर यांच्यामध्ये लोकरीचा जो जाड थर घालतात, तो मी. लोकर भिजवतात, तिच्यावर गरम पाणी ओततात, लाटतात, दाबतात, तुडवतात. इतकं सगळं होऊनही ती काही बोलत नाही अशी खात्री पटली की तिला नमदा म्हणतात. स्वभाव तिथेच घडतो. पुढे काही बदल होत नाही.

मला विकत घेतलं त्या दिवशी दुकानाच्या फळीवर आम्ही बरेच जण होतो. एक स्पंजचा, एक मेंढीच्या कातड्याचा, एक गोधडीसारखा शिवलेला. शाळेचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते निवड करायला आले. निवडीची त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. दुकानदाराकडून त्यांनी एक लाकडी स्टूल मागून घेतलं, एकेकाला त्यावर अंथरलं आणि डोळे मिटून वर बसून पाहिलं.

"हा मऊ आहे, पण दबतो," स्पंजबद्दल ते म्हणाले. कातड्यावरून लगेच उठले. "हा फार गरम बुवा."

मग माझ्यावर बसले. बराच वेळ बसले. "वा! खाली स्टूल आहे हे कळतच नाही."

"घोडीलाही कळणार नाही, वर तुम्ही आहात ते," दुकानदार म्हणाला आणि मला कागदात गुंडाळू लागला.

घोडीचं माप कोणी काढलं नाही. ती साधारण स्टुलासारखीच असावी, असं दोघंही धरून चालले.

ती स्टुलासारखी नव्हती. तिला तबेल्यात बाईसाहेब म्हणत, आणि तिची पाठ अशी ऐसपैस होती की वर पत्त्यांचा डाव मांडावा. खोगीर मात्र मास्तरांच्या वडिलांचं. वडिलांचा घोडा काटकुळा होता, त्याच्या अंगावर बेतून ते केलेलं. बाईसाहेबांवर ते ठेवलं की त्याच्या दोन्ही कडा तिच्या खांद्यामागे चिमट्यासारख्या रुतत. तिथे सूज दिसली म्हणून मास्तर कळवळले, आणि कळवळले म्हणून मला घेऊन आले.

पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. जिथे दोघांना जागा पुरत नव्हती तिथे मी तिसरा शिरलो होतो. मी जितका जाड, तितका चिमटा घट्ट. मी आलो होतो दुखणं कमी करायला, आणि दुखण्यात भर घालण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं. माझी नेमणूकच तशी होती.

त्या दिवशी फेरी संपवून खोगीर उतरवलं, मला काढलं, तेव्हा बाईसाहेबांची सगळी पाठ घामाने निथळत होती. फक्त खांद्यामागे, दोन्हीकडे, तळहाताएवढा भाग कोरडा ठणठणीत होता. मास्तर हरखलेच. त्यांनी मैदानावर मुलांना शिकवणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीला हाक मारली.

"ताई, बघ, बघ! काय वस्तू आहे! घामाचा थेंब नाही इथे. कसा गारवा राखलाय!"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ही पहिली शाबासकी. तो भाग कोरडा होता कारण तिथे दाब इतका होता की घामालाही बाहेर पडायला वाट नव्हती. पण मला थोपटण्यात आलं, उन्हात मानाने दोरीवर टाकण्यात आलं. मी लाजून काही बोललो नाही. एरवीही बोललो नसतो.

काही महिन्यांनी त्याच दोन जागी, सततच्या दाबाने, पांढरे केस उगवले. शिकायला येणारी मुलं म्हणाली, बाईसाहेबांच्या पाठीवर चांदण्या पडल्या. मास्तर पाहुण्यांना त्या चांदण्या कौतुकाने दाखवू लागले. बाईसाहेब मात्र मला लांबून पाहिलं तरी कान मागे पाडू लागली. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना ती चावायला येऊ लागली. "माजलीय," असा निष्कर्ष निघाला. मग तिला अधिक आराम मिळावा म्हणून माझ्याखाली मेंढीच्या कातड्याचा आणखी एक थर आला.

ताईंनी ते पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"अरे, बूट चावतो म्हणून तू मोज्यावर मोजा चढवतोस का?"

"तसं नाही ते, ताई."

"तसंच आहे. खोगीर बदल."

"बाबांचं आहे ते. त्यात बसलं की बाबांच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं."

"बाबांच्या मांडीवर तू बसलास कधी? ते बसू देत होते होय कुणाला?"

"नाही ना," मास्तर म्हणाले. "म्हणूनच."

कातड्याच्या थराचं एक टोक दुमडलं होतं, ते ताईंनी सरळ केलं आणि त्या निघून गेल्या. मला त्यांच्याकडून आशा होती. ती त्या दिवशी संपली.

पुढे सूज फुटली. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पाठ चाचपली तशी बाईसाहेब पाठ खाली दबवून वाकली. डॉक्टर म्हणाले, "खोगीर अरुंद आहे. कितीही नमदे घाला, उपयोग नाही. खोगीर बदला. नाहीतर ही पाठ कायमची जाईल."

"बदलतो," मास्तर म्हणाले, आणि त्या क्षणी ते खरंच बदलणार होते. त्यांनी रोज जखम धुतली, हळद फुंकल्यासारख्या हलक्या हाताने मलम लावलं, रात्री उठून पाहिलं. जखम भरली. भरल्यावर ते म्हणाले, "बरी झाली की आता! मग खोगीर कशाला बदलायचं?" आणि मला हाक आली.

त्यानंतरच्या एका सकाळी मास्तर मला घेऊन आत आले, तर बाईसाहेब चावली नाही की लाथाळली नाही. ती फक्त कोपऱ्यात गेली, तोंड भिंतीकडे केलं आणि थरथरत उभी राहिली. डॉक्टरांनी पुन्हा पाठ पाहिली आणि या पाठीवर आता कुठलंच खोगीर ठेवू नका, असं सांगितलं. मास्तर तिच्या मानेत तोंड घालून ढसाढसा रडले. मग विटा वाहणाऱ्या गाडीवाल्याला निरोप गेला. "गाडीला खोगीर लागत नाही, मास्तर," गाडीवाला समजूत घालत म्हणाला. त्याने तिला नेलं. ती फाटकातून मुकाट गेली.

"डॉक्टर खोगीर बदला म्हणाले होते," ताई म्हणाल्या. "तू घोडी बदललीस."

नवा घोडा आला. तो बाईसाहेबांहून रुंद आहे. काल मास्तर काखेत नवाकोरा नमदा घेऊन आले, माझ्याहून जाड. स्टुलावर बसून पाहिला असणारच.

मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी काही शिकवण द्यायची असते. मी पुष्कळ विचार केला. वस्तूंची काळजी घ्या म्हणावं, तर मास्तरांनी वस्तूचीच काळजी घेतली. खोगिराला ते आजही रोज तेल लावतात. मुक्या जिवांवर प्रेम करा म्हणावं, तर तेही त्यांनी मनापासून केलं. त्यामुळे शिकवण राहू द्या. एक किरकोळ विनंती आहे. मी हल्ली खोगिरांच्या खोलीच्या दारात पायपुसणं म्हणून असतो. माझ्यावर पाय ठेवण्याआधी तेवढे पाय पुसून या.