यंत्रस्वामींचं पिवळं रेशीम

तिरुवल्लिकेणीत माझ्या धाकट्या भावाचं, वेंकोबाचं घर आहे. त्या सकाळी तिथं तीसेक माणसं एका बंद कॉम्प्युटरसमोर हात जोडून उभी होती. कॉम्प्युटरवर पिवळं रेशमी वस्त्र होतं आणि वस्त्राखाली यंत्रस्वामींचे दोन्ही हात.

"हे वाग्देवते, हार्ड डिस्कमध्ये उतर," स्वामी म्हणाले. "रॅममध्ये उतर. माउसच्या शेपटीपर्यंत व्यापून राहा."

देवी कुठवर उतरली ते कळलं नाही. स्वामींनी हात बाहेर काढून बटण दाबलं आणि पडद्यावर नेहमीच्या चित्रातली हिरवी टेकडी उगवली. बायकांनी कानशिलावर कडाकड बोटं मोडली. शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी चष्मा पुसला.

२००३ सालची आयुधपूजा नुकतीच झाली होती. आम्ही तंजावरकडचे मराठी. आमच्यात त्या दिवशी विळीपासून स्कूटरपर्यंत प्रत्येक हत्याराला गंध-कुंकू लागतं. मग विजयादशमीला पूजा उठेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. माझ्या लहानपणी वडील त्या दिवशी पेन्सिलसुद्धा लपवून ठेवायचे आणि आम्हा भावंडांना वर्षातला तोच दिवस सर्वांत लाडका होता.

वेंकोबाची सून यामिनी नाशिकची. डॉक्टरांनी टेप केलेले अहवाल ती घरी बसून टाइप करून द्यायची. पूजेच्या दुपारी एक अहवाल अडला म्हणून तिनं तासभर कॉम्प्युटर चालवला. विजयादशमीला तो सुरू होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोन ओळी, बाकी काही नाही. नवरा हेरंब कामासाठी विशाखापट्टणमला. दुरुस्तीवाल्याला बोलवू, असं यामिनी म्हणाली, तर माझी भावजय सकवारबाई म्हणाली, "सरस्वती रुसल्यावर दुरुस्तीवाला काय करणार? स्क्रू पिळणार?" आणि तिनं स्वामींना आणलं.

त्यांनी टेकडी उगवून दाखवली, वस्त्राखाली पुन्हा हात घालून विभूती लावली आणि जाताना म्हणाले, "दोष यंत्रात नाही, अम्मा. हातात आहे. यंत्र पुन्हा बंद पडून बसलं तर समजा, सुनेनं ते कायमचं सोडावं. मग ते आमच्या मठात ठेवणंच बरं."

दुसऱ्या दिवशी यंत्र बसलं. शुक्रवारी स्वामी ते न्यायला येणार, असं ठरलं.

गुरुवारी दुपारी मी गेले तेव्हा यामिनी बंद कॉम्प्युटरसमोर बसली होती. "आत्या, पाच अहवाल राहिलेत. हे काम गेलं तर मला दुसरं कोण देणार?"

मी अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. ते जड काळे रिसीव्हर अजून हाताला आठवतात. फोन मेला, अशी तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: रिसीव्हर नीट ठेवलाय का? पुष्कळसे फोन तिथंच जिवंत व्हायचे.

"सुरू कर," मी म्हटलं. "आणि काय लिहिलंय ते वाच."

"डिस्क एरर. सगळं गेलं, आत्या."

"पूर्ण वाच."

"नॉन-सिस्टम डिस्क ऑर डिस्क एरर. रिप्लेस अँड प्रेस एनी की व्हेन रेडी."

"ही डिस्क चालणारी नाही, ती बदला आणि कुठलंही बटण दाबा, असं म्हणतंय ते. मग आत कुठली डिस्क आहे?"

यामिनीनं खालच्या फटीजवळचं बटण दाबलं. एक निळी फ्लॉपी डिस्क बाहेर आली. तिनं कीबोर्डवरचं एक बटण दाबलं. टेकडी उगवली.

ती बराच वेळ फ्लॉपी उलटसुलट करत राहिली. "ही माझी नाही. माझी काळी आहे, पूजेत मांडलेली. मी ती नेहमी खणात ठेवते."

"सकवार," मी हाक मारली, "पूजेतली काळी फ्लॉपी कुठं ठेवलीस गं?"

"तिच्या घरात, अक्का," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "यंत्राच्या भोकात. पूजा उठली की देव देव्हाऱ्यात जातात, तसंच."

मी निळी फ्लॉपी पिशवीत टाकली आणि यंत्र बंद करायला सांगितलं.

शुक्रवारी गर्दी जास्त होती. स्वामी म्हणाले, "आधी सुनेच्या हाताचा दोष सर्वांनी पाहावा." यामिनीनं बटण दाबलं. टेकडी उगवली.

स्वामी खाकरले. "आमच्या पायधुळीचा प्रभाव."

"मग पाय जरा जिन्यात ठेवून या," मी म्हटलं, आणि निळी फ्लॉपी सकवारबाईच्या हातात दिली. "तुझ्या हातात तर दोष नाही ना? फटीत घाल. आता यंत्र बंद करून सुरू कर."

काळा पडदा. दोन ओळी.

"अय्यो!"

"आता काढ. दाब कुठलंही बटण."

टेकडी. सकवारबाईनं हे स्वतः आणखी तीनदा करून पाहिलं. मग एकदा हेडमास्तरांनी केलं.

"या घरात पूजेतल्या प्रत्येक वस्तूला गंध आहे," मी म्हटलं. "या निळीला नाही. गंध लावलेली कुठं आहे, स्वामी?"

स्वामींनी झोळी उचलली, पण वेंकोबानं दुसरा बंद धरला. झोळीतून निळ्या फ्लॉप्यांची चवड निघाली आणि त्यांत एक काळी.

"हे माझं कुंकू," सकवारबाई म्हणाली.

प्रकार एवढाच होता. कॉम्प्युटर सुरू होताना आधी फ्लॉपी चाळतो. तिच्यात सुरू व्हायला लागणारं काही नसेल तर तो थांबतो आणि तसं लिहून कळवतो. सकवारबाईनं भक्तीनं काळी आत ठेवली. स्वामींनी ती वस्त्राखाली काढली आणि विभूती लावताना निळी सारली. म्हणून यंत्र एकदा उठलं आणि पुन्हा बसलं.

स्वामी रेशीम तिथंच सोडून गेले. सकवारबाई काळी फ्लॉपी पदरानं पुसत सुनेजवळ आली. "पण पूजेच्या दिवशी तू हात लावलास, ते चुकलंच गं."

"लावला, सासूबाई. अहवाल वेळेवर गेला. पेशंटचं ऑपरेशन झालं."

सकवारबाईनं थोडा विचार करून खुर्ची पुढे ओढली. "बस मग. पाच राहिलेत ना?"

त्या घरात जमलेल्यांत बँकवाले होते, रेल्वेतले होते, हेडमास्तर होते. इंग्रजी सर्वांना येत होतं. यंत्र त्या दोन ओळींत आपलं दुखणं सांगत होतं आणि आम्ही सगळे सुनेच्या हाताकडे बघत होतो. दोष द्यायला माणूस धरण्याआधी समोर लिहिलेलं शेवटपर्यंत वाचा. वाचून कळलं नाही तर जाणत्याला विचारा, आणि त्यानं जे केलं ते स्वतःच्या हातानं पुन्हा करून पाहा. जे खरं आहे ते हेडमास्तरांच्या हातूनही तसंच होतं.