पोकळ पोटाची गिटार

आमच्या ह्यांचे कान प्रेसशॉपनं खाल्ले. भोसरीच्या कारखान्यात दिवसभर पत्र्यावर प्रेस आदळायचा आणि शिफ्ट सुटली की हे कामगारांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. आधी बारीक सूर ऐकू येईनासे झाले, मग माझं बोलणं. मी काहीही म्हटलं की ह्यांचं एकच, तेही ओरडून, "काय? परत बोल!" माझं डोकं फिरायचं. मी मुद्दाम परत बोलायचेच नाही.

ऑर्केस्ट्रा चालवणारे जयसिंगराव तसा भला माणूस. म्हणाले, "इम्तियाजभाऊ, बारीक तारा राहू द्या आता. बेस धरा, जाड तार तुम्हाला ऐकू येईल. पण गणपतीच्या आत जमलं पाहिजे राव, न्हाईतर दुसरा माणूस बघावा लागंल." त्या दिवसापासून ह्यांचं जेवणातलं लक्षच उडालं. वाजवणं सुटलं तर हा माणूस घरात नुसता भिंतीकडे बघत बसेल, याची मला धास्ती वाटायला लागली.

विजेची बेस गिटार आणि तिचा स्पीकर आमच्या आवाक्याबाहेर. म्हणून पुण्याला गेलो, विजेशिवाय वाजणारी, पोकळ पोटाची बेस बघायला. दुकानात परवडतील अशा दोनच निघाल्या. एक नवी, चकचकीत, कडेनं नक्षी काढलेली. दुसरी कुणीतरी वापरून विकलेली, अंगभर ओरखडे आणि पोट भलतंच मोठं.

मडकं घेताना मारते तशी मी दोन्हींवर टिचकी मारली. नवी खणखणीत वाजली, जुनी बद्द. मी नवीकडे बोट केलं. ह्यांनी मात्र दोन्ही आळीपाळीनं छातीशी धरल्या, डोळे मिटून तार छेडली आणि जुनी उचलली.

"अहो, फुटक्या मडक्यावानी वाजतीय ती!" मी दुकानदारासमोरच ओरडले.

"ही छातीत वाजती," हे म्हणाले. "नवी नुसती वरवर वाजती."

कान माझे शाबूत आणि निवड ह्यांची! येताना बसमध्ये मी तोंड फिरवून बसले.

घरी आल्या आल्या हे दारात बसून वाजवायला लागले, हनुवटी लाकडावर टेकवून. पायाचा ठेका एकदाही चुकला नाही. जयसिंगरावांना दुसरा माणूस बघावा लागणार नाही, एवढं मलाही कळलं. बरं वाटलं, पण राग काही गेला नव्हता. चहाचा कप ह्यांच्याजवळ ठेवायला वाकले तेव्हा गिटारीच्या पोटाशी तोंड नेऊन, ह्यांना कुठलं ऐकू जातंय म्हणून, मी घोगऱ्या आवाजात कुरकुरले, "एवढा हट्टी माणूस जगात दुसरा न्हाई."

लाकडावर टेकलेल्या हनुवटीतून आवाज पोचला की काय, ह्यांचा हात तारेवरच थांबला. मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाले, "काय गं सुरय्या? परत बोल."

ओरडून नाही. हळू, लग्न नवं असताना बोलायचे तसं.

मी खाली बसले, त्या ओरखड्यांच्या लाकडाला गाल लावला आणि परत बोलले.