ह्यांच्या हाताचा माउस

आयुष्यभर बेकरीच्या काउंटरवर उभं राहून ज्या प्राण्याचं नाव काढायची चोरी, तोच मी परवा पैसे मोजून घरी आणला. आणि तोही चुकीचा.

"अगं, हा केवढा चमकतोय!" बॉक्स उघडल्यावर हे म्हणाले.

माउस खरंच चमकत होता. लाल, निळा, हिरवा, पुन्हा लाल. अंगठ्यापाशी बटणंच बटणं. वर 'गेमिंग' असं ठळक लिहिलेलं, सवलतीत होता, आणि दुकानदार म्हणाला होता की आजकाल मुलं हाच नेतात. मी म्हटलं, मुलांचा तर मुलांचा. आमचं मूल साठीला टेकलंय, एवढं काही मी त्याला सांगितलं नाही.

"आवडला का?"

"छान आहे."

ह्यांचं 'छान आहे' मी चांगलं ओळखून आहे. मीठ विसरलेल्या भाजीलाही हे 'छान आहे'च म्हणतात. मी कणीक मळता मळता दारातून बघत राहिले. त्या बटणांवर ह्यांचा अंगठा टेकला की खेळात बंदुकीऐवजी बॉम्ब फुटायचा, तोही आपल्याच माणसांत. थोड्या वेळाने ह्यांनी माउस बाजूला ठेवला आणि मनगट चोळत बसले. मला पाहिलं तसे चोळायचे थांबले.

ह्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं. उरलेली दोन पत्र्याचे डबे बनवायच्या कारखान्यात प्रेसखाली गेली. लेक तेव्हा शाळेत होती. कारखान्याने ह्यांना मशीनवरून उठवून स्टोअरमध्ये बसवलं. हे रडले नाहीत, कुणाला बोल लावला नाही. पण त्या दिवसापासून तो हात चारचौघांत खिशाबाहेर आला नाही. चहा डाव्या हाताने, सही डाव्या हाताने. कित्येक वर्षं ह्यांच्या पँटींचा उजवाच खिसा आधी फाटतो. मी तो शिवते आणि गप्प बसते. आणि गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, हे आमच्या बेकरीत कुणालाही विचारा.

लेक नोकरीला दुसऱ्या गावी गेली आणि तिचा कॉम्प्युटर मागे राहिला. तिनेच फोनवरून ह्यांना खेळ शिकवला. आपले पाच जण, समोरचे पाच जण, पडक्या इमारती आणि धडाधड गोळ्या. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण हे निघाले नेमबाज! लेकीच्या ऑफिसातली पोरं संघात आहेत, ती ह्यांना 'काका' म्हणतात. "काका, गच्चीवरचा तुमचा!" असं कुणी ओरडलं की गच्चीवरचा गेलाच समजा. मी भाजी निवडत ऐकते आणि ऊर नुसता भरून येतो. बाकी पोरांना माहीत नाही की काका तीन बोटांनी खेळतात.

दुखणं एकच होतं. ऐन वेळी नेम उजवीकडे सरकायचा. आपण माउस धरतो तो एका बाजूने अंगठ्याने, दुसऱ्या बाजूने शेवटच्या दोन बोटांनी. ह्यांच्याकडे ती दुसरी बाजू धरायला कुणी नाही. माउस निसटायचा, मग हे मनगट वाकडं करून त्याला अडवायचे, आणि मनगट सुजायचं.

येत्या रविवारी त्यांचा मोठा सामना. माउस आणायच्या आदल्या दिवशी मी ह्यांना लेकीशी फोनवर बोलताना ऐकलं.

"माझ्याऐवजी दुसरा कुणी घ्या."

"बाबा, असं काय करतोस? तुझ्याशिवाय कसं होणार?"

"माझ्यामुळे हराल गं. नको."

फोन ठेवून ह्यांनी कॉम्प्युटर बंद करून टाकला. मशीनवरची जागाही ह्यांनी अशीच सोडली होती, गुपचूप. ही दुसरी सोडायला मी देणार नव्हते. म्हणून तर मी तो चमकणारा दगड उचलून आणला होता.

"उद्या दुकानात तुम्ही स्वतः चला," तो बाजूला पडलेला बघून मी म्हटलं.

"तूच बदलून आण ना."

"चप्पल मी घालून बघितली तर तुमच्या पायाला होईल का?"

दुकानात आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती. दुकानदार तरुण, गळ्यात हेडफोन. त्याने भिंतीवरचे बॉक्स दाखवले आणि वर म्हणतो, "मावशी, उघडून देता येत नाही. सगळ्यांना सारखेच बसतात."

"अरे बाबा, मी बेकरीत काम करते. रोज लोक पाव दाबून बघतात आणि दुसराच नेतात. तो दाबलेला पाव आम्ही मुकाट्याने खातो. तुझा माउस शिळा तरी होतो का? काढ!"

तो हसला. तीन माउस काढून त्याने काउंटरवर मांडले. "घ्या काका, हात ठेवून बघा."

ह्यांचा हात खिशात होता. तो तिथेच राहिला.

"तू बघ," हे मला म्हणाले.

"मी काय खेळणार आहे?"

हे माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "कशाला? हात दाखवून अवलक्षण." स्वतःच्याच विनोदावर थोडं हसलेसुद्धा. मला हसू आलं नाही. मला राग आला, आणि कुणावर ते विचारू नका. पण ओढून काढायचा हात नव्हता तो. मी पिशवी उचलली.

गिऱ्हाईक जातंय म्हटल्यावर दुकानदार घाईने म्हणाला, "थांबा, मीच चालवून दाखवतो." त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर खेळ लावला. ह्यांचाच खेळ! आणि काय सांगू, इतका वाईट खेळला तो. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि मेला.

"खिडकीत आहे," हे पुटपुटले.

दुकानदार पुन्हा तिथेच गेला, पुन्हा मेला.

"अरे, खिडकीत आहे म्हटलं ना!"

"कुठल्या खिडकीत, काका?" असं विचारता विचारता तो तिसऱ्यांदा मेला.

"सरक बाजूला!"

ह्यांचा एवढा मोठा आवाज मी मशीनवरच्या दिवसांनंतर ऐकला नव्हता. हे खुर्चीत बसले आणि हात माउसवर गेला. तो खिशातून कधी निघाला, ते ह्यांनाही कळलं नसेल. पहिली गोळी उजवीकडे गेली. दुसरी खिडकीतून आत. मागून कुणीतरी "वा!" म्हणालं.

आणि मग सगळ्यांच्या नजरा पडद्यावरून खाली वळल्या. ट्यूबलाइटच्या उजेडात तो हात टेबलावर सगळ्यांसमोर होता. हे थांबले. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. कुणी हूं की चूं केलं असतं तर मी त्याची हजेरीच घेतली असती. ह्यांचा हात थोडा मागे सरकला. मला वाटलं, गेला आता खिशात.

पण हे पडद्याकडे बघतच बोलले. "हा उजवीकडे निसटतो. इकडून धरायला मला बोटं नाहीत. या बाजूने रुंद असा एखादा आहे का?"

मला बोटं नाहीत. हे वाक्य ह्यांच्या तोंडून मी आजवर ऐकलं नव्हतं. घरीसुद्धा नाही. आणि म्हणाले कसे, तर पायाला एक नंबर मोठी चप्पल आहे का विचारावं तसे.

दुकानदाराने हाताकडे नीट पाहिलं. कीव नाही की काही नाही, शिंपी खांद्याकडे बघतो तसा. "म्हणजे उजवीकडे टेकायला जागा हवी," तो म्हणाला आणि आत गेला. धूळ बसलेला एक बॉक्स घेऊन आला. आतला माउस काळाभोर, हलका, उजवीकडे उतरता आणि पसरट. "कुणी नेत नाही, काका. याला लाइट नाहीत."

"लाइट लावून काय पाव भाजायचेत?" मी म्हटलं.

ह्यांनी हात ठेवला. जिथे बोटं नव्हती ती कड त्या उतारावर अलगद टेकली. खिडकीतला गेला. गच्चीवरचा गेला. दाराआडचा बाहेर येतोय तोच गेला. नेम जागचा हलला नाही.

"हात बसला," हे म्हणाले.

चमकणारा परत देऊन हा घेतला, आणि वर थोडे पैसे परत मिळाले.

"काका, कुणाकडून खेळता तुम्ही?" दुकानदाराने विचारलं.

"लेकीच्या संघातून. रविवारी सामना आहे. बघ हवा तर."

"बघणार म्हणजे काय!" म्हणत त्याने काउंटरवरून हात पुढे केला. उजवा. सवयीने केला असणार, कारण करताच तो जरा गडबडला.

ह्यांनी आपला उजवा हात त्याच्या हातात दिला. अर्धा जन्म पत्र्याचे गठ्ठेच्या गठ्ठे उचललेला हात तो. दुकानदाराचा चेहरा आधी लाल झाला, मग वाकडा.

"आई गं! काका, सोडा!"

हे हसत होते, पण सोडत नव्हते. मीही सोडा म्हटलं नाही.