सामाईक पानावरची नावे

मी बत्तीस वर्षे गणित शिकवले, त्यांतील अकरा वर्षे मुख्याध्यापिका म्हणून. हैदराबादेत काचीगुड्यातील आमच्या घरात अजूनही माझा शब्द मोडला जात नाही. जे घडले ते याच सवयीमुळे घडले, हे आधीच सांगते.

माझा नातू अनिरुद्ध सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आठवड्यातून तीन दिवस तो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून काम करतो. त्याच्या टीमचे एक सामाईक पान आहे. कोणाला दहा ओळींचे काम दोन ओळींत करणारा कोडचा तुकडा जमला, की त्याने तो तेथे ठेवायचा. ज्याला हवा त्याने उचलायचा. ते पान अनिरुद्ध सांभाळतो. तुकडे चालवून पाहणे, ते कसे वापरावेत हे समजावून लिहिणे, सारे कष्ट त्याचे. आणि प्रत्येक तुकड्यावर नाव मात्र देणाऱ्याचे. एके दिवशी चष्मा लावून मी ते पान वाचले. भाग्यलक्ष्मी, भाग्यलक्ष्मी, हर्षद, पुन्हा भाग्यलक्ष्मी. आमच्या अनिरुद्धचे नाव कोठेच नव्हते.

"राबायचे तू आणि नाव लोकांचे?" मी म्हणाले. "आजच्या आज तुझे नाव घाल."

तशी रीत नाही, असे तो हळूच म्हणाला. रीत मला शिकवू नकोस, असे मी त्याला सुनावले. त्याने माझ्यासमोर बसून एकेक नाव बदलले. त्या वेळी मला समाधान वाटले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्याच आठवड्यात वरिष्ठांनी बैठकीत त्या तुकड्यांसाठी त्याचे कौतुक केले. त्यानंतर पानावर एकही नवा तुकडा आला नाही. अनिरुद्ध जेवताना बोलेनासा झाला. विचारले, तर काम वाढले आहे एवढेच सांगे.

एका गुरुवारी भाग्यलक्ष्मी अनिरुद्धबरोबर काम करायला घरी आली. तेलुगू मुलगी, मला नानम्मा, म्हणजे आजी, म्हणते. एरवी आली की आधी स्वयंपाकघरात डोकावून आज काय केले ते विचारायची. त्या दिवशी बॅग मांडीवर घेऊन खुर्चीच्या काठावर बसून राहिली. अनिरुद्ध फोन घेऊन गच्चीवर गेला, तेव्हा मी तिला विचारले, पान बंद का पडले?

"गुस्सा नै है, नानम्मा," ती म्हणाली. "लालच आ गई थी बोला उसने. नामां वापस डाला, सबके सामने माफी भी मांगा. नया आया था तो इसी पन्ने से सीखा था ना वो. बस, अब लिखने को दिल नै होता."

लालच. त्याने माझे नाव घेतले नव्हते. नक्कल करणाऱ्या किती मुलांना मी वर्गाबाहेर उभे केले असेल. येथे नक्कल मी करायला लावली होती आणि बाहेर तो एकटा उभा होता.

"नाम मैंने बदलवाए थे," मी म्हणाले. "वो मना कर रहा था."

 

अनिरुद्ध खाली आल्यावर मी त्याला पानाच्या माथ्यावर एक ओळ लिहायला सांगितली: ही नावे अनिरुद्धची आजी इंदुताई हिने बदलायला लावली, चूक तिची आहे. तो नको म्हणाला. या वेळी मी आज्ञा केली नाही, विनवले. त्याने लिहिले. भाग्यलक्ष्मीने ते वाचले, काम संपवले आणि न जेवता गेली.

याला तीन आठवडे झाले. हर्षदने एक तुकडा ठेवला आहे. ऑफिसात पोरे अनिरुद्धला चिडवतात, ठेवण्याआधी आजीची मंजुरी घेतलीस का म्हणून. आता तरी ती ओळ काढू दे, असे तो परवा म्हणाला. मी त्याला सांगितले, भाग्यलक्ष्मी काही लिहीपर्यंत ती तेथेच राहील.

रोज सकाळी मी त्याला पान उघडायला लावते. सर्वांत वर माझेच नाव असते. ते वाचून मी एखाद्या नव्या तुकड्यावर भाग्यलक्ष्मीचे शोधत खाली जाते.